मेमोतली एक ओळ

माझ्या मावसभावाचा लोकलमधून पडून पाय गेला, तेव्हा भेटायला आलेल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न एकच होता. "दारात कशाला उभा राहिलास रे?" विचारणारे सगळे कळव्याचे! सकाळी आपल्याकडे गाडी येते तीच ठासून भरलेली, हे ज्यांना पाठ आहे असे.

त्यांचं सोडा, आम्ही घरचेही तेच धरून बसलो होतो. चूक आपली, मग भरपाई कुठल्या तोंडाने मागायची? त्यात दहा महिने गेले.

शेवटी एका वकील मैत्रिणीने झापलं. दाव्याची मुदत एक वर्षाची. उशीर झाला तर कारण पटवत बसायचं. आणि तिने जे सांगितलं ते लोकलने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. रेल्वे कायद्याच्या कलम 124अ मध्ये चूक कोणाची हा प्रश्नच नाही. प्रवासी गाडीतून अपघाताने पडला, की रेल्वे भरपाई देणं लागते. सुटका कशात? आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आजारपण. निष्काळजीपणा या यादीत नाहीच. दारात उभं राहणं बेफिकिरी असेल, पण तो या कलमातला गुन्हा नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 2010 साली जमीला खटल्यात म्हटलंय. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही, हे 2018च्या रीना देवी निकालात आहे. मृत्यू झाला तर 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख, जखमींना इजेप्रमाणे.

मग अडतं कुठे? स्टेशनवरून निघालेल्या पहिल्या मेमोत, म्हणजे अपघाताच्या पहिल्या लेखी नोंदीत. आमच्या मेमोत एक ओळ होती: "लाईन क्रॉस करताना गाडीची धडक." झालं! रूळ ओलांडणारा प्रवासी धरत नाहीत, उलट कलम 147 खाली तोच गुन्हेगार. लिहिणाऱ्याने काही पाहिलं नव्हतं. रुळांशेजारी माणूस पडलेला, म्हणजे ओलांडतच असणार, एवढाच हिशोब. रोज बरोबर जाणारा मित्र त्याच दारात होता. पुढच्या स्टेशनला उतरून धावत मागे आला. त्याचा जबाब कोणी घेतला नाही.

9 जून 2025 ला दिवा-मुंब्रा दरम्यान दोन गाड्यांच्या दारांतले लोक एकाच वेळी पडले, तेव्हा ते रूळ ओलांडत होते असं कोणी म्हणू शकलं नाही. शेकडो डोळ्यांनी पाहिलं होतं. एकटा पडणाऱ्याच्या वाट्याला ती एक ओळ येते. माझं भांडण तिच्याशी आहे. भरपाई नाकारता येईल इतकं वजन ज्या कागदाला, तो लिहिण्याआधी जखमीला किंवा सोबत्याला एक प्रश्न विचारायला काय जातं?

आता दावा दाखल झालाय. पास मोबाइलच्या कव्हरमागे घामाने इतका पुसट झालाय की 'कळवा' तेवढं वाचता येतं. पण दारातल्या माणसाची बॅग आत पास करायची आपली रीत आहे ना, तशी त्याचीही कोणीतरी घेऊन रॅकवर ठेवली होती. ती दादरपर्यंत गेली, तिथे कोणा भल्या माणसाने जमा केली. आत डबा आणि ऑफिसचं ओळखपत्र. बॅग ताब्यात घेताना आम्हाला एक पावती मिळाली, तारीख त्याच दिवसाची.

रूळ ओलांडणाऱ्याची बॅग गाडीत कशी, एवढंच आता समोरच्या वकिलांनी सांगावं.