“साध्या कॉपी-पेस्टला तीन दिवस” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. बुधवारी संध्याकाळी तुम्हाला राजारामपुरीपर्यंत हेलपाटा पडला आणि मुलीच्या प्रोजेक्टच्या गडबडीत मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण तुम्ही लिहिलंय, “साध्या कॉपी-पेस्टला तीन दिवस लावले, लॅपटॉप टेबलावर नुसता पडून होता, वर १५०० रुपये घेतले.” हे सगळ्यांना दिसतं, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो. आमचं दुकान छोटं आहे, जाहिरात परवडत नाही. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर तारे बघून पायरी चढतं. त्यामुळे असं एखादं वाक्य आमच्या पोटावर येतं.

लॅपटॉप मंगळवारी दुकान बंद व्हायच्या वेळेला आला. वॉरंटीत मदरबोर्ड बदलायचा होता, सर्व्हिस सेंटरनं डेटाची जबाबदारी घेणार नाही असं सांगितलं होतं, म्हणून आधी पूर्ण बॅकअप हवा, असं तुम्ही म्हणालात. त्या मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. तेव्हाच मी विचारलं होतं, “सर, विंडोजचा पिन काय?” तुम्ही म्हणालात, “बॅकअपच घ्यायचाय ना, पिन कशाला? मुलीला विचारून सांगतो.” त्याच रात्री फोन केला. बुधवारी सकाळी व्हॉट्सअॅप केला, त्यावर निळ्या खुणा आल्या. पिन आला गुरुवारी दुपारी. म्हणजे बुधवारी संध्याकाळी तुम्ही आलात आणि लॅपटॉप मिटलेला बघितलात, तेव्हा आम्ही तुमच्याच निरोपाची वाट बघत होतो. हे मी काउंटरवर सांगितलं होतं, पण तुम्ही घाईत होता. मुलीची परीक्षा चालू होती, तिचा फोन बंद असणार हे मी समजू शकतो. पण तो वेळ आमच्या नावावर लावू नका.

आता पिन कशाला लागतो ते सांगतो, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्या इतरांनाही उद्या हीच अडचण येईल. तुमच्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्याच डिस्क-कुलपानं, बंद आहे. हे कुलूप तुम्ही किंवा मुलीनं लावलेलं नाही, बऱ्याच नव्या मशीनवर विंडोज ते आपणहून लावतं. रोज वापरताना कळत नाही, कारण किल्ली मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपमध्ये असते आणि कुलूप आपोआप उघडतं. बॅकअपसाठी बाहेरच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायला बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, आधी काय सुरू व्हायचं तो बूटचा क्रम, कधी सिक्युअर बूट नावाची सुरक्षा सेटिंग बदलावी लागते. असं काही बदललं की विंडोज अडून बसू शकतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलपाची राखीव किल्ली, मागतं. आणि तुमच्या बाबतीत तर मदरबोर्डच बदलणार होता, म्हणजे चिपसकट किल्ली जाणार होती. ती की आधी कागदावर उतरवली नसती आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही सापडली नसती, तर अख्खी डिस्क कॉपी करून हातात दिली असती तरी त्यातली विंडोजची एक फाइल उघडली नसती. तसा बॅकअप देऊन मी मंगळवारी रात्रीच पैसे घेऊ शकलो असतो. घेतले नाहीत. रिकव्हरी की हातात आल्याशिवाय बायोसला हात लावायचा नाही, हा या दुकानाचा नियम आहे आणि तो तुमच्या मुलीच्या वर्षभराच्या कामासाठीच पाळला.

गुरुवारी पिन मिळाल्यावर लगेच विंडोज उघडून ती की काढली, मग मशीन पूर्ण बंद केलं. नुसतं शटडाउन दाबून चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज स्वतःचा काही भाग डिस्कवर तसाच झोपवून ठेवतं, आणि त्या अवस्थेत घेतलेल्या प्रतीवर माझा भरवसा नाही. नंतर क्लोनझिला हे अख्ख्या डिस्कची प्रत घेणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून लावलं. डाव्या बाजूचे यूएसबी पोर्ट बंद, म्हणून तर बोर्ड बदलायचा होता. उजवीकडचा एकच पोर्ट चालू, तोही यूएसबी २.०. पेनड्राइव्ह लावायचा की बॅकअप ज्यावर घ्यायचा ती तुमची बाहेरची हार्ड डिस्क? म्हणून क्लोनझिला आधी पूर्ण रॅममध्ये चढवलं, पेनड्राइव्ह काढला आणि त्याच जागी तुमची डिस्क लावली. कुलूपबंद ड्राइव्हमधला भरलेला भाग कुठला आणि रिकामा कुठला हे त्या सॉफ्टवेअरला कळत नाही, त्यामुळे ३८० जीबीची सी ड्राइव्ह रिकाम्या जागेसकट उचलावी लागते. असा पोर्ट सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास चालतो. तुम्हीच हिशेब करा, तीन तास नुसते विंडोजला, शिवाय उबुंटूचा भाग, आणि घेतलेली इमेज, म्हणजे डिस्कची ती पूर्ण प्रत, परत उघडेल का याची तपासणी करायला जवळपास तेवढाच वेळ पुन्हा. रात्री दुकानात मी स्वतः बसलो होतो. शुक्रवारी दुपारी मशीन तुमच्या हातात होतं.

“दुसरीकडे ५०० रुपयांत करतात” असंही लिहिलंय. करतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो उचलून देतात, आणि एकच सिस्टिम असेल तर अनेकांना तेवढं पुरतं. पण उबुंटूचा भाग ईएक्सटी४ पद्धतीचा असतो, तो विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नुसती बिनअक्षराची पट्टी दिसते. मुलीचं रोबोटिक्सचं सगळं काम त्या पट्टीत होतं. ते उबुंटूत जाऊन साध्या पेनड्राइव्हवर ओढून टाकलं तर फाइल येतात, पण कुठली फाइल कोणाच्या मालकीची, कुठली चालवायची परवानगी आहे, कुठली दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवते, हे गळून पडतं आणि प्रोजेक्ट नव्या जागी अडू शकतो. म्हणून पूर्ण इमेजशिवाय तिच्या होम फोल्डरची टार फाइल, म्हणजे या सगळ्या नोंदींसकट बांधलेलं एक गाठोडं, वेगळी करून दिली. त्या फाइलचे पैसे लावले नाहीत. तुमच्या हार्ड डिस्कवर घरच्या लग्नाचे फोटो होते, त्यांनाही धक्का लागू दिला नाही.

शिवाय दोन सिस्टिमचं मशीन म्हणजे एका वाड्यात दोन बिऱ्हाडं आणि दिंडी दरवाजा एकच. तो दरवाजा म्हणजे ईएफआय पार्टिशन, डिस्कवरचा सिस्टिम सुरू करून देणारा छोटा भाग, तुमच्याकडे अवघं १०० एमबीचं. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि उबुंटू अशी दोघांची फोल्डरं शेजारी शेजारी असतात. ते घ्यायचं राहून गेलं तर बाकी सगळं कॉपी करूनही दोन्ही सिस्टिम सुरू होत नाहीत. सुरुवातीला कोणती उघडायची याची नोंद मात्र मदरबोर्डच्या मेमरीत असते, ती डिस्कच्या बॅकअपमध्ये येत नाही. ती मी कागदावर लिहून पाकिटात घातली आहे.

“घड्याळ साडेपाच तास मागं पडलं, लॅपटॉप बिघडवून दिला” हे वाचून फार वाईट वाटलं. बॅकअपनंतर दोन्ही सिस्टिम नीट उघडतात का हे पाहायला उबुंटू सुरू केलं. उबुंटू मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं, आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा येतो. इंटरनेट जोडून वेळ सिंक केली की विंडोज सावरतं. उबुंटूला स्थानिक वेळ पाळायला लावणारी कमांडची एक ओळ मुलीला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे. यात बिघडलेलं काही नाही, सर.

निरोप पोचवण्यात आम्ही आणखी लक्ष घालू. पावतीवर पिनसाठी वेगळी जागा करायचंही चाललंय, आणि कामाला किती वेळ लागेल हे आधीच जास्त स्पष्ट सांगायचा प्रयत्न राहील.

रिव्ह्यू काढून टाका असं म्हणणार नाही, तारे द्यायचे किती हा तुमचा अधिकार. फक्त “नुसता पडून होता” एवढं वाक्य, तुमच्या फोनमधला बुधवार सकाळचा माझा मेसेज एकदा बघून, बदलता आलं तर बघा. आणि रिकव्हरी की असलेलं ते पाकीट लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, घरी कपाटात ठेवा. बोर्ड बदलून मशीन आलं की पाकीट आणि हार्ड डिस्क घेऊन मुलीला पाठवा. दोन्ही सिस्टिम पुन्हा सुरू करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.