१८८१ च्या कायद्याने रविवारची सुट्टी? नाही!

‘इंग्रजांच्या १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टमुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी आणि आठ तासांची पाळी मिळाली’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या.

तो कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. ७ वर्षांखालच्यांना कामबंदी. ७ ते १२ वयाच्यांना दिवसाला ९ तास आणि महिन्याला ४ सुट्ट्या. यंत्रांना कुंपण घालण्याचं कलमही होतं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल मात्र अक्षर नाही. (१०० हून कमी कामगार असतील तर कारखाना कायद्याबाहेरच.) गिरणी रविवारी बंद असली तरी साचे (यंत्रमाग) पुसायला, कापसाची धूळ काढायला बोलावणं यायचं, म्हणजे सुट्टी नावालाच.

१८८४ मध्ये मुंबईतले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे गेला. मागण्या वाचण्यासारख्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. गिरणीमालकांनी रविवार मान्य केला तो १० जून १८९० ला.

आठ तासांचं म्हणाल, तर १९११ चा कायदासुद्धा कापड गिरणीतल्या पुरुषांना १२ तास राबवू देत होता. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ ची.