तेल रुपयात घेतलं, बरं! पुढं?

आमच्या बेळगावच्या मित्रमंडळींत सध्या दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, भारतानं रुपयात तेल घेऊन अमेरिकेला पाणी पाजलं, डॉलरचा बाजार उठला. दुसरा म्हणतो, ट्रम्पनं डोळे वटारले आणि सरकारनं शेपूट घातली. शहापूरच्या कट्ट्यावरचं भांडण रात्री फोनवरून शारजाला येतं आणि मला पंच नेमलं जातं: "तू तेलाच्या गावात हाईस, तूच सांग की रे."

तेलाच्या गावात मी करतो काय, तर जहाजांना माल पुरवणाऱ्या कंपनीत हिशेब. फुजैरा बंदरातून जहाजासाठी इंधन घेतलं की भाव येतो डॉलर प्रति मेट्रिक टन. गिऱ्हाइकाला बिल दिरहमात, म्हणजे इथल्या चलनात हवं असेल तर आमच्या शीटमध्ये एक आकडा कायमचा बसवून ठेवलाय, ३.६७२५. गुणायचं आणि बिल काढायचं. १९९७ पासून डॉलरला दिरहम तेवढेच. सौदी रियालही १९८६ पासून ३.७५ वर खिळलेला. त्यामुळं 'रशियाचं तेल दिरहमात घेतलं, डॉलरला सुट्टी' असा मेसेज आला की मला हसू येतं. डॉलरनंच अंगरखा बदललाय. फायदा नाही असं नव्हे, पैसे न्यूयॉर्कच्या बँकांतून जात नाहीत, रशियावरच्या निर्बंधांची कात्री चुकते. पण माप डॉलरचंच.

जून २०२४ मध्ये तर 'सौदीचा पन्नास वर्षांचा पेट्रोडॉलर करार संपला' म्हणून गावाकडं जल्लोष झाला होता. जून १९७४ मध्ये अमेरिका आणि सौदीनं आर्थिक सहकार्यासाठी संयुक्त आयोग नेमला, एवढं खरं. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं आणि तेही पन्नास वर्षं, असं कलम त्यात नव्हतंच. नसलेला करार संपणार कसा?

आता रुपयाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये इंडियन ऑइलनं अबू धाबीच्या अ‍ॅडनॉक या तेल कंपनीला दहा लाख बॅरलचे पैसे रुपयात दिले. चांगलं झालं. पण भारताला रोज लागतं पन्नास लाख बॅरलच्या आसपास, म्हणजे ते तेल पाचेक तासांचं. त्याच वर्षी मे महिन्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह गोव्यात आले होते, आमच्या चोर्ला घाटाच्या खाली. ते काय सांगून गेले? भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत, पण ते वापरता येत नाहीत. खरी मेख इथं आहे. २०१२ पासून इराणच्या तेलाचे काही पैसे युको बँकेत रुपयात जमा होत. ते चाललं, कारण इराण त्या रुपयांचा बासमती, चहा, औषधं घेत होता. २०१९ मध्ये आपण तिथलं तेल बंद केलं तशी ती शिल्लक आटली आणि बासमतीवाले अडचणीत आले. विकणाऱ्याला आपल्याकडून घेण्यासारखं काही हवं. ते नसेल तर रुपया त्याच्या गळ्यात पडतो.

आणि रुपया आखातात पहिल्यांदाच निघालाय असंही कुणी समजू नये. एकेकाळी इथं रुपयाच चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळं १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये, बहारीननं १९६५ मध्ये स्वतःचं चलन आणलं. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि उरलेल्यांनीही पाठ फिरवली, ओमान तेवढा १९७० पर्यंत टिकला. अमेरिकेनं हाकललं नाही, आपल्या रुपयावरचा भरवसा गेला.

सीमाभागातल्या माणसाला खरं तर हा तमाशा ओळखता यायला हवा. डिसेंबर २०२२ मध्ये २२ तारखेला कर्नाटकनं ठराव केला, एक इंचही देणार नाही. २७ ला महाराष्ट्रानं केला, ८६५ गावं घेणारच. दोन्हीकडं एकमतानं, दोन्हीकडं बाकं वाजली. दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात, तो होता तिथंच. त्या महिन्यात अडल्या त्या एसट्या. परराष्ट्र धोरणातली गर्जनाही बहुतेक अशीच घरच्या गॅलरीसाठी असते. डिसेंबर २०२४ मध्ये जयशंकर दोह्यात म्हणाले, डॉलर हटवणं हे भारताचं धोरण कधीच नव्हतं. मला ते आवडलं. आमच्या ग्रुपवर मात्र ते कुणीच पाठवलं नाही, दोन्ही पक्षांच्या कामाचं नव्हतं ना!

आमचं आखातवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. २०१० मध्ये दिरहमाला साडेबारा रुपये यायचे, २०२३ मध्ये बावीसच्या वर. रुपया घसरला की इथं एक्स्चेंजवर रांग लागते, मीही तिच्यात असतो. गावाकडं सीमेवरच्या कोगनोळीच्या पंपांवरही रांग असायची, ती महाराष्ट्राच्या गाड्यांची, कर्नाटकात तेल स्वस्त पडायचं म्हणून. आयातीचं तेल महागलं की खिसा मात्र दोन्ही राज्यांचा कापला जातो.

डॉलर बुडाल्याचे सगळ्यांत जास्त मेसेज माझ्या मामेभावाचे. उद्यमबागेत त्याची फाउंड्री आहे, कास्टिंग बाहेर पाठवतो. परवा विचारलं, तू कोटेशन रुपयात का देत नाहीस? म्हणाला, "गिऱ्हाईक रुपये आणणार कुठनं? आणि डॉलर हातात असला की वर्षाकाठी चार पैसे वाढूनच येतात की!"