‘रेड-५ लावा, बॅकअपचा खर्च वाचवा’ हा सल्ला ऐकू नका

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली एमआयडीसीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की ऑफिसचा सर्व्हर घेताना डोळे झाकून रेड-५ घ्या (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा ठेवायची पद्धत, पुढचा आकडा तिचा प्रकार). त्यात जागा सगळ्यात जास्त मिळते, एक डिस्क गेली तरी डेटा सुरक्षित राहतो, वेग वाढतो, वेगळ्या बॅकअपचा खर्च वाचतो. आणि रेड-१० म्हणजे निम्मे पैसे पाण्यात. मी याच भागात सर्व्हर बसवतो आणि बंद पडलेले उघडतो. हा मेसेज वाचून कोणी खरेदी करू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जागेचा हिशेब बरोबर आहे. रेड-५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा काढता यावा यासाठीच्या जास्तीच्या माहितीला. रेड-६ मध्ये दोन डिस्कएवढी जाते. रेड-१० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्हींवर तोच डेटा असतो. आठ टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर रेड-५ मध्ये २४ टीबी मिळतात, रेड-६ किंवा रेड-१० मध्ये १६. पण तुमच्या टॅलीच्या फोल्डरवर राइट क्लिक करून त्याची साइज एकदा बघा. दहा वर्षांचे हिशेब बहुतेक ठिकाणी काही जीबीतच बसतात. ड्रॉइंग आणि स्कॅन केलेली बिलं धरूनही दोन टीबीच्या पुढे गेलेली ऑफिसं मी थोडीच पाहिली आहेत. बाकीच्यांना दोन चांगल्या एसएसडींचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी रेड-१, पुरतो. जास्तीच्या जागेची गरजच नसेल तर तिच्यासाठी धोका कशाला पत्करायचा?

‘एक डिस्क गेली तरी डेटा सुरक्षित’ हे वाक्य मात्र लोकांना फसवतं. ते खरं आहे, पण पहिली डिस्क जाईपर्यंतच. त्या क्षणापासून रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा तयार करणं, पूर्ण होईपर्यंत रेड-५ ला कसलाही आधार उरत नाही. आठ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने भरत गेली तरी सुमारे अकरा तास लागतात, तेही दुसरं काहीच काम नसताना. ऑफिस चालू असेल तर एक-दोन दिवस सहज जातात. तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे २४ टीबी, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरची (डिस्कवरच्या छोट्या तुकड्याची) मर्यादा बहुधा १२.५ टीबी वाचनामागे एक अशी दिलेली असते. ही कमाल मर्यादा आहे, डिस्क प्रत्यक्षात याहून बऱ्या वागतात. पण तसा एक सेक्टर आडवा आला तर काही कंट्रोलर (रेडच्या डिस्क सांभाळणारा भाग) तेवढा तुकडा सोडून पुढे जातात, काही तिथेच थांबतात. आपला कोणता हे विकत घेताना कोणी विचारत नाही. रेड-१० मध्ये गेलेल्या डिस्कची फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते. रेड-६ कडे तोवर दुसरी पॅरिटी शिल्लक असते.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत मी गेलो, तेव्हा सर्व्हरच्या डिस्कवरच्या चार दिव्यांपैकी एक केशरी लुकलुकत होता. त्याच्यावर काळ्या वाळूच्या धुळीचा थर. बझर वाजून त्रास देत होता म्हणून कोणीतरी तो बंद केलेला, ईमेल अलर्ट कधी लावलाच नव्हता. ती डिस्क नेमकी कधी गेली ते कोणालाच सांगता आलं नाही. चारही डिस्क एकाच खोक्यातल्या, सीरियल नंबर जवळजवळ ओळीने. नवी डिस्क घालून रात्री रिबिल्ड लावलं आणि पहाटे दुसरी गेली. शेवटचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा, पेनड्राइव्हवर. हीट नंबरांच्या (वितळलेल्या धातूच्या प्रत्येक खेपेचा नंबर) नोंदी आणि टेस्ट सर्टिफिकेटं कागदावरून पुन्हा टाइप करताना तिथली मुलं कित्येक संध्याकाळी घरी उशिरा गेली. मला ते अजून टोचतं.

वेगाचंही अर्धंच सांगितलंय. वाचताना रेड-५ चांगली चालते. पण टॅलीत एक व्हाउचर टाकणं म्हणजे लहान लहान लिखाण. अशा प्रत्येक लिखाणाला जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा अशी चार कामं पडतात. रेड-१० मध्ये दोनच, रेड-६ मध्ये सहा. बॅटरीवाला कॅश (लिखाण तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) असेल तर हा फरक बराच झाकला जातो. बॅटरी नसताना लिखाण चालू असतानाच वीज गेली, तर डेटा आणि पॅरिटी यांचा मेळ तुटू शकतो, म्हणून यूपीएस हवाच. फक्त सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा जुन्या फाइलींचा साठा असेल तर रेड-५ चालेल, माझी हरकत नाही.

रेड-१० मधली निम्मी जागा पाण्यात जात नाही, त्या पैशांत झटपट रिबिल्ड आणि लिखाणाचा वेग मिळतो. तिचाही एक कच्चा दुवा आहे. एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर सगळं जातं. कोणत्याही दोन गेल्या तरी तगायचं असेल तर रेड-६ घ्या.

आता बॅकअप. कोणी चुकून फाइल उडवली तर रेड ती सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी उडवते. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फाइलीच इमानाने जपते. आणि कोल्हापुरात तरी पाण्याचं वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये चार डिस्क असोत की चाळीस, सगळ्या एकाच पाण्यात. सर्व्हरशेजारच्या कपाटातला बॅकअपही त्यांच्याबरोबरच भिजतो.

त्या फाउंड्रीत आता रेड-१० आहे, दोन वेगवेगळ्या लॉटच्या डिस्क घेऊन. शिवाय दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून वापरतात आणि दर शनिवारी त्यातली एक मालक राजारामपुरीतल्या घरी, वरच्या मजल्यावर नेतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅकअपमधली एखादी जुनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची असं ठरलंय. पहिल्याच सोमवारी कळलं की टेस्ट सर्टिफिकेटांचं फोल्डर बॅकअपच्या यादीत घालायचं राहूनच गेलं होतं. ते त्याच दुपारी घातलं.