ग्वोवा, ग्वोवा!

माझी उंची सहा फूट एक इंच. लग्न जमवताना आमच्या आत्यानं हा एकच मुद्दा लावून धरला होता, कारण दुसरा हाताशी नव्हता. पुढं कोल्हापुरात छत्तीस वर्षं ह्या उंचीचा उपयोग माळ्यावरचे डबे उतरवणं, पंखे पुसणं आणि गणपतीत मखराला माळा लावणं, एवढ्यापुरताच झाला. तिची खरी किंमत मोजावी लागली ती पोलंडात, सानोक नावाच्या गावी.

मुलगी क्राकूवला नोकरी करते. आम्ही पोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, राजवाडे काय कुठंही बघाल. तुम्हाला खेडं दाखवते."

"अगं, खेडं बघायला व्हिसा काढून यायचं?" मी म्हणालो. आमच्या घरात असल्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही, फक्त तिकीट मिळतं.

सानोकला सान नदीच्या काठावर ३८ हेक्टरांत हे लोकवास्तूंचं संग्रहालय पसरलंय. १९५८ साली सुरू झालेलं. आग्नेय पोलंडच्या डोंगरपट्ट्यातली लाकडी घरं, चर्चेस, गिरण्या ओंडका-ओंडका सुटा करून इथं आणल्या आणि पुन्हा जुळवून उभ्या केल्या. अशा उघड्यावरच्या संग्रहालयाला तिकडं स्कान्सेन म्हणतात. शब्द मूळचा स्टॉकहोमचा. मी मनातल्या मनात हेक्टरांचे एकर केले. चौऱ्याण्णव भरले. तेव्हा सगळ्यात आधी बाकडी कुठं कुठं आहेत ते बघून ठेवलं.

शिवाय मी एक भाषण पाठ करून आलो होतो. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले पाचेक हजार पोलिश लोक आमच्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या छावणीत, १९४३ ते १९४८ राहिले होते. म्हटलं, कुणीही "कुठले?" म्हणून विचारलं की हे सुनवायचं. विमानतळावर कुणी विचारलं नाही. ट्राममध्ये नाही. बेकरीतल्या बाईनं तर पावाशिवाय कशाचीच चौकशी केली नाही.

घरं उघडून दाखवायला एक मावशी होत्या. साठीच्या, ठेंगण्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या घराचं कुलूप काढून त्या आत गेल्या, मागोमाग आमची ही गेली (पाच फूट, वाकायचा प्रश्नच नाही), आणि मी पुढं झालो तशा मावशी दोन्ही हात वर करून ओरडल्या, "उव्हागा! ग्वोवा! ग्वोवा!"

गोवा! शेवटी विचारलं कुणीतरी. मी छाती काढली. "नो, नो. नॉट गोवा. कोल्हापूर…" आणि 'पूर' म्हणताना गणेशपट्टी कपाळावर बसली.

काजवे चमकले. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, ग्वोवा म्हणजे डोकं. त्या डोकं सांभाळा म्हणत होत्या." तेवढं सांगून ती ऑफिसचा फोन घ्यायला निघून गेली. आयटीवाल्यांना फोन येण्याची वेळ कशी अचूक साधते, ह्यावर कुणीतरी संशोधन करायला हवं.

त्या दारांची रचनाच अशी, की उंबरा गुडघ्याला आणि गणेशपट्टी गळ्याला. थंडीत आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार लहान. आपल्याकडं वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून माणूस वाकूनच आत येतो, पण तिथं निदान कोल्हापूरकर म्हणून सवय असते. इथं पाय उचलण्याकडं लक्ष दिलं की डोकं जातं आणि डोकं वाचवलं की नडगी.

आत मात्र बघण्यासारखं होतं. एवढी थोरली भट्टी, की थंडीत म्हातारी माणसं आणि पोरं तिच्यावरच झोपायची. जुन्या घरांना धुराडंच नाही; धूर माळ्यावर जायचा आणि छपरातून वाट काढायचा. लेमको ह्या तिथल्या डोंगरी लोकांच्या लांबलचक घरांत तर माणसं, गुरं आणि खळं एकाच छपराखाली. ही लेमको आणि त्यांच्या शेजारची बोइको मंडळी १९४७ मध्ये सरकारनं आपल्या गावांतून उठवून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. मावशींनी एका रिकाम्या पाळण्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. आम्हाला कळलं नाही, पण आम्ही गप्प राहिलो.

मग हिला जातं दिसलं. पाळू, तळी, सगळं आपल्यासारखं. फक्त खुंट्याच्या जागी वरच्या तुळईपर्यंत गेलेली लांब काठी. ती धरून उभ्यानं दळायचं.

"उभ्यानं?" हिनं कमरेवर हात ठेवले. "मांडी नाही, समोर जोडीदारीण नाही. अहो, ओवी सुचणार कशी हिला? पाय भरून आल्यावर शिव्याच सुचतील." आणि हे सगळं मराठीत मावशींना ऐकवत ती खाली बसली, हवेतलं जातं ओढायला लागली, वर दोन ओळी म्हणून दाखवल्या. मावशींनीही लगेच ती काठी फिरवायचा आव आणून स्वतःचं काहीतरी गुणगुणलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण विषय बहुधा सासूचाच असावा.

मी म्हटलं, चला, आपण तुळईवरचं कोरीवकाम बघू. मधल्या मोठ्या तुळईवर घर बांधल्याचं साल आणि चक्रासारखं फूल कोरायची तिकडं पद्धत आहे. साल नीट वाचावं म्हणून चष्मा लावून पुढं सरकलो. मागून एका सुरात "ग्वोवा!" ऐकू आलं, त्यात हिचाही आवाज होता. साल वाचता आलं नाही. कपाळावर उमटलं असल्यास माहीत नाही.

ह्या वेळी टेंगूळ चांगलं लिंबाएवढं आलं. मावशींनी मला बाकावर दाबून बसवलं, आपल्या पिशवीतल्या डब्यातून चमचा काढला आणि गार चमचा टेंगळावर धरून बसल्या. माझी आई हेच करायची. एवढ्यात मुलगी परत आली. मी संधी साधली. वळिवडे, छावणी, पाच हजार माणसं, सगळं भाषण चमच्याखालून सुनावलं; मुलीनं भाषांतर केलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, त्या लोकांनी परत आल्यावर सांगितलं नाही का, की आमची दारं बुटकी आहेत?"

पुढं खनिज तेलाचा विभाग लागला. उघड्यावर, दारं नसलेला, म्हणून मला सगळ्यांत आवडला. लुकासिएविच ह्या पोलिश औषधविक्याच्या रॉकेलच्या दिव्यानं १८५३ मध्ये ल्विव्हच्या इस्पितळात उजेड पाडला होता. मी रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभा राहायचो, त्याची सुरुवात ह्यानं केली तर! रोसोलिनचं १७५० सालचं लाकडी चर्च मी बाहेरूनच पाहिलं. आत जायची प्राज्ञा नव्हती. बाहेरूनही फार सुंदर दिसतं.

परतताना तिकीट खिडकीपाशी तरुण मुलगी होती. छान इंग्रजी बोलणारी. आमच्याकडं बघून हसली आणि अदबीनं म्हणाली, "इंडिया? गोवा?"

मी तिथल्या तिथं, भर मोकळ्या अंगणात, कमरेत वाकलो.