‘निट’ म्हणजे ऊ की लीख? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘निट’ (nit) या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘निट’ म्हणजे ऊच, ऊ आणि लीख वेगळ्या करणं म्हणजे नुसता कीस काढणं, आणि मोबाइलच्या पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात हे लेखात आलंच नाही.

पहिल्या मुद्द्यात तुमचं निम्मं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये बोलताना ‘निट्स झाल्यात’ म्हणतात तेव्हा त्यात उवाही आल्या. शाळेत डोकी तपासणाऱ्या बाईंना तिथे ‘निट नर्स’ म्हणत. पण नेमका अर्थ लीख, म्हणजे उवेचं अंडं. ऊ ती ‘लाऊस’, अनेकवचनी ‘लाइस’. आपल्याकडे तर ही दोन नावं संस्कृतापासूनच वेगळी: ‘यूका’ची ऊ झाली, ‘लिक्षा’ची लीख. मनुस्मृतीत लिक्षा हे वजनाचं माप आहे, आठ त्रसरेणूंची (कवडशात दिसणाऱ्या धूलिकणांची) एक लिक्षा!

फरक का करायचा, ते फणी हातात घेतल्यावर कळतं. लीख जेमतेम ०.८ मिलिमीटरची, केसाच्या मुळाशी एका बाजूला घट्ट चिकटलेली. बोटाने सरकवून बघा: कोंडा सरकतो, लीख हलत नाही. पिवळट-तपकिरी असेल तर आत जीव असण्याची शक्यता, पांढरी असेल तर बहुधा रिकामं टरफल. त्वचेपासून ६ मिलिमीटरच्या पुढे गेलेली लीख बहुतेक फुटलेली किंवा मेलेली असते, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि लीख आठ-नऊ दिवसांत फुटते. पर्मेथ्रिनचं औषध उवा मारतं, लिखा मारत नाही. म्हणून ते साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावायचं, मागे राहिलेल्या लिखांतून निघालेली पिल्लं अंडी घालण्याआधी. ‘ऊ काय, लीख काय, एकच’ असं म्हणणाऱ्यांचा हाच दुसरा हात चुकतो आणि मग दोष औषधाला.

आणि गंमत बघा, कीस काढण्याला इंग्रजीत ‘निटपिकिंग’च म्हणतात. लिखा वेचणं! तेव्हा हा आरोप मला मान्य आहे.

पडद्याचा निट मात्र या घराण्यातला नाही. तो लॅटिनमधल्या ‘नितेरे’, म्हणजे चमकणे, यावरून आला. एका चौरस मीटरला एक कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) म्हणजे एक निट. लिखेशी त्याचं नातं आपल्या ‘नीट’शी आहे तेवढंच. हे लेखात हवं होतं, आज घातलंय.