होडी कुठे थांबवायची, हे कोणी ठरवायचे?

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो पाहून आलेल्या मंडळींच्या पोस्टमध्ये दर हिवाळ्यात एक तक्रार हमखास वाचायला मिळते. एवढे पैसे भरून, सुट्टीचा दिवस घालवून गेलो आणि होडीवाल्याने पक्ष्यांपासून भलत्याच लांब होडी थांबवली, अशी ती तक्रार असते. तीन वर्षांपूर्वी ऐरोलीहून पहिल्यांदा खाडीत गेले तेव्हा मीही हेच म्हणाले होते, आणि तेही बऱ्यापैकी चढ्या आवाजात. म्हणून आज या तक्रारीच्या विरुद्ध बाजूने लिहीत आहे.

त्या रविवारी पंचमी होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, या किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबाने भरती पावणेचारची होती आणि आमची होडी दोनच्या सुमारास निघाली. तिवरांची श्वसनमुळे अजून चिखलातून वर डोकावत होती, आणि त्यांच्या मधून निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, टुणकन उड्या मारत पाण्याच्या कडेने सरकत होत्या. (मुले निवट्यांवरच इतकी खूश होती की फ्लेमिंगो दिसले नसते तरी त्यांना चालले असते.) पुढे उच्चदाब वाहिन्यांच्या मनोऱ्यांपलीकडे गुलाबी पट्टा दिसू लागला, तशी सगळी होडी एका बाजूला झुकली. मी होडी आणखी पुढे घ्यायला सांगितले. सुकाणूवरचे काका शांतपणे म्हणाले, “ताई, होडी आता इथंच. त्यांचं जेवण चाललंय.” तेव्हा मला तो निव्वळ आळशीपणा वाटला होता.

आता वाटते, त्या एका वाक्यात सगळा मुद्दा होता. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, उथळ पाण्यात आणि ओल्या चिखलावर चरतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते जिभेने पाणी आत ओढतात आणि चोचीतल्या गाळणीतून बाहेर सोडतात. लहान रोहित ही त्यांच्यातली आकाराने छोटी जात; तो मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतो आणि त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. शहराच्या सांडपाण्यातली पोषकद्रव्ये खाडीतल्या या शैवालाला पोसतात, हा विरोधाभास तूर्त बाजूला ठेवू. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा त्यांचे ताट मांडले जाते आणि भरती चढली की ते उचलले जाते.

आपल्या होडीचे गणित मात्र नेमके उलटे आहे. ओहोटीच्या वेळी होडी चिखलात रुतते, त्यामुळे पाणी चढू लागल्याशिवाय निघता येत नाही. पाणी चढत जाते तसतशी चरण्याची जागा आक्रसते, पक्षी उरलेल्या पट्ट्यांवर दाटीने गोळा होतात आणि आपल्याला ते “भरपूर” दिसतात. म्हणजे त्यांच्याकडे जागा आणि वेळ सर्वांत कमी उरलेली असते, त्याच घटकेला आपण तिथे पोहोचतो. तशात पंख्याने चिखल ढवळत होडी आणखी पन्नास हात पुढे नेली आणि थवा उठला, तर त्या पक्ष्यांची पुढची चराई थेट पाणी उतरल्यावर होणार. मोठ्या उधाणात तर खाडीतला सगळाच चिखल बुडतो आणि ते नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे जातात. ती तळी भराव आणि बांधकामाच्या कचाट्यात सापडलेली आहेत, हे नवी मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

गेल्या वर्षी याचे दुसरे टोक पाहिले. आमच्या शेजारून एक खासगी होडी सरळ थव्यात घुसली, कोणीतरी शिटी मारली, टाळ्या पडल्या आणि शेकडो पक्षी एकदम उठले. दृश्य अप्रतिम होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. काळ्या-लाल पंखांची लाट आणि मागे मुंबईच्या इमारती, असे छायाचित्र हजारभर लाइक मिळवते. पाणी चढले की पक्षी आपणहूनही उठतात, त्यामुळे असे प्रत्येक छायाचित्र पाप आहे असे मी म्हणणार नाही. मात्र होडी लांब थांबवणाऱ्याला आपण कमी तारे देतो आणि थवा उडवून दाखवणाऱ्याला बक्षिसी देतो, तेव्हा पुढच्या फेरीला कोण कसे वागणार, हे आपणच ठरवून टाकलेले असते.

2015 मध्ये ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये तिचा रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. अभयारण्यात गेल्यावर प्राण्याने आपल्याजवळ यावे असा आग्रह ताडोब्यातही धरू नये, मग इथे का धरावा? लांबूनही पुष्कळ दिसते. दुर्बीण असेल तर लहान रोहिताची गडद, काळपट लाल चोच आणि मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी, टोकाला काळी चोच सहज वेगळी ओळखता येते. पिल्लावस्थेतून नुकते बाहेर आलेले करडे पक्षी थव्यात शोधण्यात तर अर्धा तास कसा जातो, ते कळत नाही.

पुढच्या रविवारी एकादशी आहे, म्हणजे भरती सव्वाआठच्या आसपास. त्याच काकांच्या होडीत दोन जागा सांगून ठेवल्या आहेत आणि शेजारच्या आजोबांची जुनी, जड दुर्बीण मागून आणली आहे.